आकडा रुतला तर गाडी नाही

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या कारखान्याच्या स्टोअरमागे जुन्या ट्यूब साचायच्या तसे ते साचत जातात. कुणी टाकल्या विचारलं तर कुणालाच ठाऊक नसतं. मग एक दिवस कुणीतरी त्यातली एक ओढायला जातो आणि सगळा गुंताच बाहेर येतो.

परवा माझं तसंच झालं. खारघरला नातवाच्या सोसायटीत पार्किंगमध्ये लिफ्टची वाट बघत उभा होतो. शेजारी कुणाची तरी चकचकीत मोटारसायकल. मी सवयीनं वाकलो आणि पुढच्या टायरवर बोट फिरवायला लागलो. वॉचमन धावत आला. "आजोबा, काय शोधताय?"

म्हटलं, "चीर."

त्याला ऐकू आलं 'चिल्लर'. तोही बिचारा माझ्याबरोबर खाली बसून शोधायला लागला.

त्या वॉचमनला जे सांगता आलं नाही ते आता तुम्हाला सांगतो.

गोष्ट साठ सालानंतरची. नवी मुंबई हे नावसुद्धा तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. ठाणे-बेलापूर रोड होता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागरं, आणि मधे नवे नवे उगवलेले कारखाने. त्यातल्या तळवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात मी मेन्टेनन्सचा फोरमन होतो. राहायला बेलापूर गावात. एस.टी. यायची, पण तिच्या मनात आलं तर. म्हणून आम्ही चौघांनी मोटारसायकली घेतल्या होत्या. मी, स्टोअरकीपर दामले, लॅबोरेटरीतला मुकादम आणि फिटर नामदेव पाटील. यातले आम्ही पहिले तिघं बेलापुरात राहायचो, नामदेव तळवलीतलाच. चारही गाड्या जुन्या, मिलिटरीच्या लिलावातून फिरत फिरत आमच्यापर्यंत आलेल्या. नवं टायर हवं तर नंबर लावून महिनोन्‌महिने वाट बघायची. त्यामुळे बाकीचे लोक जेवणाच्या सुट्टीत क्रिकेटवर बोलत, आम्ही टायरच्या चिरांवर बोलायचो.

*

पण खरी परीक्षक माझ्या घरी होती. माझी बायको, मालती.

मालतीचा थोरला भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. घाटात पुढचं टायर फुटलं. आमच्या लग्नाआधी दोन वर्षं. लग्नाच्या बोलण्यात हे मला कुणी सांगितलं नाही, आणि माझ्याकडे मोटारसायकल आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. मध्यस्थांनी आपलं काम चोख केलं होतं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती अंगणात गाडीसमोर येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "विका असं मी म्हणणार नाही. एस.टी.चे हाल मलाही दिसतात. पण रोज सकाळी चाकं मी बघणार. आणि आतलं कापड दिसेल इतकी खोल चीर ज्या दिवशी तुमच्याआधी मला सापडेल, त्या दिवशी गाडी या घरातून गेली पाहिजे. आणि मी तिच्यावर कधीही बसणार नाही, तेवढं आत्ताच सांगून ठेवते."

मी हसत हसत हो म्हटलं. दिवसभर पंपांची रबरी वायसरं तपासणारा माणूस मी. ही मला काय शिकवणार, असं माझं मत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याचं टोक पुढच्या टायरच्या एका चिरेत घालून दाबलं. टोक किंचित आत गेलं.

"आकडा रुतला," ती म्हणाली. "आज गाडी नाही."

मी एस.टी.नं गेलो. पाऊण तास उशीर. गेटवर साहेब उभे. "काय हो, आज उशीर?"

घाईत तोंडातून निघून गेलं, "साहेब, आकडा रुतला."

साहेबांना वाटलं, पायात. त्यांनी मला तडक कारखान्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं खरं सांगायची मला लाज वाटली, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन मी मुकाट्यानं घेतलं.

पुढच्या रविवारी चाक काढलं, टायर उलटं करून तिला आतून दाखवलं. आतून धड आहे हे तिनं स्वतः हात फिरवून बघितलं, तेव्हा कुठे पुन्हा परवानगी मिळाली. तेव्हापासून आमच्या चौघांत 'आकडा रुतला' म्हणजे आज सुट्टी, असा अर्थ झाला.

*

आता दामले. वस्तू वापरली की संपते, यावर त्याचा गाढ विश्वास. स्टोअरमधला साधा बोल्ट मागितला तरी आपल्या घरातून देतोय असा चेहरा करायचा. स्वतःची मोटारसायकल त्यानं गोधडी पांघरून ओसरीवर ठेवली होती, आणि रोज कारखान्यात यायचा माझ्या मागे बसून. आपली गाडी झिजायला नको, एवढंच कारण.

गंमत अशी, की एक दिवस त्यानं गोधडी उचलली तर दोन्ही टायरांना भेगा. रोज पळणाऱ्या माझ्या टायरांना नव्हत्या तेवढ्या त्याच्या झोपलेल्या टायरांना.

"भेगा म्हणजे भेगा," दामले म्हणाला. "टाचेच्या काय आणि टायरच्या काय." घरी कोकणातून आलेला कोकमतेलाचा गोळा होता. त्याची आई हिवाळ्यात टाचांना तेच लावायची. दामल्यानं तो गोळा पातळ करून आठ दिवस दोन्ही टायरांना चोळला. पुढच्याला जास्त, कारण पुढच्याच्या भेगा जास्त. वर परत गोधडी. मी सांगितलं, अरे, तेलानं रबर कुजतं. तो म्हणाला, तुम्हाला मेन्टेनन्सवाल्यांना घरगुती औषधांची किंमत नाही.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून गोधडी काढली. बेलापूरच्या घुशी तेव्हा मांजराएवढ्या असत. त्यांना कोकमतेल पसंत पडलं होतं. मागच्या टायरला नुसते दात लागले होते, पुढचं मात्र चारी बाजूंनी कुरतडलेलं.

दामल्यानं वाकून चाक नीट बघितलं. मग म्हणाला, "एक मात्र मानलं पाहिजे. पुढच्याला भेग एकही राहिली नाही."

*

नामदेवचा किस्सा याच्या पुढचा. त्याचे वडील, धर्मा आबा, तळवलीच्या खाडीवर होड्या दुरुस्त करायचे. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठोकायचा, वर राळ आणि तेलाचा लेप द्यायचा, यात त्यांची हयात गेलेली. फळीवरून अंगठा फिरवून कुठली चीर पाणी देईल आणि कुठली देणार नाही, हे सांगायचे. खाडीपलीकडची माणसं त्यांच्याकडे होड्या घेऊन यायची.

नामदेव घरात बोलून गेला, की चाकाला चिरा पडल्यात. आणि मग मित्राच्या वरातीबरोबर दोन दिवस गावाला गेला. परत आला तर गाडी आंघोळ घातल्यासारखी स्वच्छ आणि टायर गुळगुळीत, एक चीर दिसेल तर शपथ. नामदेवला वाटलं, आबांनी पुसून ठेवली असेल. बसला आणि आला कामावर.

ते दिवस उन्हाळ्याचे. गाडी पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात उभी. दुपारी राळ पाघळली. सुट्टीच्या भोंग्यानंतर नामदेवनं गाडी ओढली तर हलेना. आम्ही तिघं लागलो. मोठ्या कष्टानं सिमेंटपासून सुटली, तेव्हा टायरला खडी चिकटलेली, गवत चिकटलेलं, कुठल्यातरी कोंबडीची पिसं चिकटलेली, आणि मुकादमची हरवलेली पेन्सिलसुद्धा.

नामदेव गाडी ढकलत घरी गेला. आम्हीही मागोमाग, कारण असं बघायला रोज मिळत नाही.

"आबा, काय केलास ह्या?"

आबा विडी ओढत बसले होते. "बरा केलाय. काथ्या भरलाय, राल फासलीय. आता खारीन घाल नायतं दर्यान घाल. एक थेंब पानी आत येनार नाय."

"आबा, पानी आत येत नाय. हवा बाहेर जाते."

आबांनी विडी बाजूला ठेवली. चाकाकडे बघितलं, नामदेवकडे बघितलं.

"मंग त्या पयले सांगाचा ना."

*

मुकादम आमच्यात सगळ्यांत नीटनेटका. उरणकडचा, बेलापुरात मामाकडे राहायचा. परीक्षानळी धरावी तसा चहाचा कप धरायचा. त्याला पनवेलचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील जहाजावर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. आडनावावरून त्याला आम्ही चिडवलं तेवढं पुरे. हे सारंगसाहेब चाळीस वर्षं समुद्रावर काढून आता घरी बसलेले.

मुकादम मोटारसायकलवरून मुलगी बघायला गेला. सारंगसाहेबांनी पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. सरळ अंगणात जाऊन गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाशी बसले, दोन्ही अंगठ्यांनी टायर दाबलं.

आत येऊन म्हणाले, "मुलगा चांगला दिसतो. चाक चांगलं दिसत नाही. माझी मुलगी त्या चाकावर बसणार. बदलून या, मग बोलू."

मुकादम दुसऱ्या दिवशी कामावर आला तो चेहरा पाडून. मुलगी त्याला फार आवडली होती. आणि नवं टायर कुठून आणायचं? नंबर लावून बसलं तर तोवर मुलीचं दुसरीकडे लग्न होऊन मुलं शाळेत जातील.

तेव्हा दामले बोलला. आम्ही कानांवर विश्वास ठेवला नाही. "माझं मागचं घेऊन जा," तो म्हणाला. मुकादमची आणि त्याची गाडी एकाच लिलावातली, टायरचं माप एकच. दुसऱ्या दिवशी त्यानं ते टायर गोणपाटात गुंडाळून आणलं आणि मुकादमच्या हातात दिलं. "नीट सांभाळ रे त्याला," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी मुकादम पुन्हा पनवेलला. सारंगसाहेब पुन्हा मागच्या चाकाशी बसले. अंगठे फिरवत फिरवत एका जागी थांबले.

"हे दात कुणाचे?"

मुकादमला खोटं बोलता येत नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं, गोधडीपासून कोकमतेलापर्यंत आणि घुशींपर्यंत. सारंगसाहेब एवढे हसले की ठसका लागला. "चाळीस वर्षं जहाजावर उंदीर बघितले," ते म्हणाले, "पण त्यांना तेल लावून टायर वाढणारा माणूस नाही बघितला. आणि त्यानं तुम्हाला हे दिलं?"

"स्वतः कधी वापरत नाही, पण मला दिलं," मुकादम म्हणाला.

सारंगसाहेब उठले. घरात हाक मारली, "शरबत आणा." लग्न ठरलं.

निकाह झाला. आम्ही तिघं जेवायला गेलो. सेहरा बांधलेल्या मुकादमला सगळे मिठ्या मारत होते, मुबारक म्हणत होते. दामल्याची पाळी आली. त्यानंही मिठी मारली, आणि कानात विचारलं, "टायर कधी सोडवू?"

*

आता माझं पाप. हे मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही.

कारखान्यात बॉयलर दुरुस्तीला काढला होता. आठवडाभर मला सात वाजता हजर राहणं भाग. सकाळची एस.टी. साडेसातला. सोमवारी पहाटेच उठून मी गाडी बघितली, तर पुढच्या टायरवर बारीक बारीक चिरांचं जाळं. मालतीनं आकडा लावला तर रुतणार, हे दिसत होतं. आणि मला गाडी हवीच होती.

बुटाचं काळं पॉलिश घेतलं आणि टायरला लावलं. वरून ब्रश मारला. चिरा बुजल्या. टायर असं चमकायला लागलं की मलाच कौतुक वाटलं.

मालती आली, वाकली. टायरवर बोट फिरवलं. मग बोटाकडे बघितलं. आकडा अंबाड्यातून बाहेर आलाच नाही.

"दादानं गाडी घेतली तेव्हा तिची टायरं अशीच चमकत होती," ती म्हणाली. "विकणाऱ्यानं पॉलिश मारलं होतं. आम्हाला नंतर कळलं."

तिनं बोट पदराला पुसलं. "आजपासून मी बघणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

ती आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला माझी इतकी शरम वाटली की साबणाचं पाणी घेऊन मी ते टायर घासत बसलो, पॉलिश निघेपर्यंत. मग चालत फाट्यावर गेलो. बॉयलरला उशीर झाला तो झालाच.

त्या दिवसानंतर गाडी बाहेर काढायचं मला धैर्य होईना. तिनं बघून 'जा' म्हटल्याशिवाय किक मारायला पायच उचलत नसे. दोन महिने गाडी भिंतीला टेकून उभी. घरात बोलणं होई, जेवण होई, पण मालती अंगणातून जाताना गाडीकडे मान वळवत नसे.

या सगळ्यात सर्वांत जास्त हाल दामल्याचे झाले. फाट्यावर माझ्या शेजारी एस.टी.ची वाट बघत तो रोज म्हणायचा, "पाप तू केलंस आणि पायपीट मला."

*

शेवटी नामदेव एका रविवारी आबांना घेऊन आला. दामले आणि मुकादम होतेच.

आबा गाडीसमोर उकिडवे बसले. टायरचा वास घेतला. अंगठा फिरवला. "कवापासून उबी हाय?"

"दोन महिने."

"तरीच. होरी कोरडीव ठेवली का तिच्या फल्या तडकतान. हिचा पन तसाच हाय. चालती व्हती तवा बरी व्हती."

दामल्यानं खाली मान घातली. त्याला गोधडी आठवली असणार.

मालती पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. आबा म्हणाले, "बाय, तूच ना ती चाका बगनारी? ये इकरं."

"मी आता बघत नाही," मालती म्हणाली.

"का गो?"

तिनं तांब्या ओट्यावर ठेवला. मग मीच सांगितलं. सगळ्यांसमोर, पॉलिशचं, तिच्या दादाचं, सगळं. मित्रांपैकी कुणी हसलं नाही.

आबांनी मान हलवली. "आमचेत पन करतान. विकाची होरी असली का डांबर फासतान. म्हनून आमी वरशी बगत नाय. वाकवून बगताव." त्यांनी नामदेवला चाकातली हवा सोडायला सांगितली, आणि टायरचा गाल दोन्ही हातांनी दाबून वाकवला. चिरांचं जाळं उघडलं. "ही बग. तोंड उगरला, पन खाली रबर हाय. ही सुरकुती. म्हातारपन. हिला भ्याचा नाय. जिच्या खाली रबर नाय, तिला भ्याचा."

मालती पुढे आली. वाकली. नामदेव चाक हळूहळू फिरवत होता, आबा वाकवून दाखवत होते. आणि मालतीही हात लावायला लागली. सुरकुती, सुरकुती, ही पण सुरकुती, असं पुटपुटत. मीही दुसऱ्या बाजूनं बघत होतो.

चाकाची भिंतीकडची बाजू आली. रिमला लागून, जिथं माझी नजर कधी गेली नव्हती. कारण गाडी मी रोज त्याच बाजूनं भिंतीला टेकवत असे.

"इथं," मालती म्हणाली.

तिनं अंबाड्यातला आकडा काढला. टोक आत गेलं, आणखी गेलं, आणि बाहेर आलं ते एक पांढरा धागा घेऊन. आतलं कापड.

आबा म्हणाले, "बायला गावला."

याच टायरवर मी रोज, मागे दामल्याला घेऊन, मिठागरांच्या कडेनं भरधाव जात होतो. आणि मग एकदम ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं. दोन महिने गाडी हलली नव्हती. आम्ही सगळे तिथं उभे होतो, धडधाकट. मुकादमनं वर बघून आभार मानले. दामल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या पापानं आपण दोघं वाचलो," तो म्हणाला. "पुन्हा मात्र करू नकोस."

पण अट ती अट. चीर माझ्याआधी तिला सापडली होती.

"गाडी विकतो," मी म्हटलं.

मालतीनं तो धागा बोटाला गुंडाळला आणि तांब्या उचलून आत गेली.

*

पहिलं गिऱ्हाईक घणसोलीचं आलं. तरुण माणूस, नुकतंच लग्न ठरलेलं. गाडी बघून खूश. दोनदा हॉर्न वाजवून बघितला. मग सहज विचारलं, "टायर कशे हायत?"

मालती दाराआड उभी होती. मी तिच्याकडे जाऊन हात पुढे केला. "आकडा दे."

तिनं दिला.

मी हवा सोडली, टायर वाकवलं, आणि त्या मुलाला खाली बसवून आकड्यानं ते कापड दाखवलं. "ह्या टायरवर एक मैलसुद्धा जायचं नाही. मागचं चालेल, त्याला नुसत्या सुरकुत्या आहेत. पुढच्या ब्रेकची तार जुनी आहे. डावा आरसा आपोआप वळतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. "भाऊ, इकायची हाय का नाय?"

"विकायची आहे."

"मंग अशी इकतात?" आणि गेला. चहासुद्धा अर्धा ठेवून गेला.

मालतीनं आकडा परत घेतला आणि अंबाड्यात खोचला.

असे तीन आले. तिघांनाही मी खाली बसवलं, तिघांनाही दाखवलं. प्रत्येक वेळी आकडा मागितला आणि प्रत्येक वेळी तिनं दिला. तिसरा जो गेला तो घणसोलीच्या नाक्यावर सांगत होता म्हणे, की बेलापूरला एक माणूस आहे, गाडी विकायला काढलीय आणि देतोय भीती.

त्या दिवशी कप उचलता उचलता मालती म्हणाली, "पुरे झालं. लोकांना उगाच कशाला बोलावता? टायर बदला."

मी तिच्याकडे बघितलं. ती कप विसळत होती.

टायर मुकादमच्या सासऱ्यांनी मुंबईतल्या कुठल्याशा ओळखीनं मिळवलं. सारंगसाहेबांनी आधी स्वतः अंगठे फिरवून पास केलं, मग पाठवलं. नामदेवनं येऊन बसवलं. जुनं टायर आबा घेऊन गेले. होडी धक्क्याला लागते तिथं बांधायला, म्हणाले.

रविवारी सकाळी मी गाडी अंगणात काढून ठेवली. मालती बाहेर आली. चांगलं लुगडं नेसलेली, हातात लाडवांचा डबा. डबा ओट्यावर ठेवून ती पुढच्या चाकाशी बसली. सगळं चाक फिरवून बघितलं, भिंतीकडची बाजूसुद्धा. मग अंबाड्यातला आकडा काढून दाबला. रुतला नाही.

ती उठली. आकडा अंबाड्यात न खोचता तिनं माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. डबा उचलला, आणि मागे येऊन बसली.

मला वाटलं, माझी काहीतरी चूक होतेय. मी तसाच उभा.

"तळवलीला चला," ती म्हणाली. "आबांना लाडू द्यायचेत."

किक तिसऱ्या खेपेला लागली. कोपऱ्यावर दामले उभा होता. सवयीनं पुढे आला, मागे कोण बसलंय ते बघितलं आणि हळूच बाजूला झाला. रस्त्याला लागलो. मी सायकलच्या वेगानं चाललो होतो. तिचा हात माझ्या खांद्यावर, आधी घट्ट, इतका की दुखत होतं. मिठागरं आली, पांढरे ढीग मागे पडायला लागले, आणि तो हात जरा सैल झाला. खाडीवरून वारा आला. माझ्या कानावर, गालावर केस यायला लागले. तिचा अंबाडा सुटला होता.

"थांबू का?" मी मान वळवून विचारलं. "आकडा माझ्या खिशात आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "राहू दे तिथंच."